सर, दोरासमोर उभे राहू नोका

मारोती, तुझ्या तेरवीला तुझ्या भावानं मला सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर बसवलं. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता, "हे मारोतीचे सर. भूगोल शिकवत होते त्याले." लोक हात जोडत होते. एक म्हातारी माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी खुर्ची सोडून उठलो आणि पंगतीत जाऊन पाणी वाढायला लागलो. तिथं बोलायची ती गोष्ट नव्हती. पण खरं असं आहे की मी तुला जेमतेम दीड वर्ष शिकवलं आणि त्यातलं तुझ्या काय कामी आलं ते मला ठाऊक नाही. तू मला तीन वर्षं शिकवलंस, आणि त्यातलं सगळं मी आजही वापरतो.

शाळेनंतरची आपली पहिली भेट पुसदकडच्या घाटात झाली. सुधाच्या भाचीचं लग्न आटोपून आम्ही दोघं यवतमाळला परतत होतो. एप्रिलचं ऊन, दुपारचे दोन, आणि चढावर गाडीची क्लचप्लेट गेली. मदतीच्या नंबरावर फोन केला. दीड तासानं तुझी पिवळी गाडी आली, मागे लांबलचक सपाट बेड असलेली. मी म्हणालो, "चला, क्रेन आली." तू खाली उतरलास, माझ्याकडे पाहिलंस आणि तिथं डांबरावरच वाकून पाया पडलास.

"सर, ओळखलं काय?"

"अरे, म्हणजे काय," मी म्हणालो. ओळखलं नव्हतं. शिक्षकाला ही थाप जन्मभर मारावी लागते. तुझं नाव मला कळलं ते तुझा फोन वाजला आणि तू "हाव, मारोती बोलतो" म्हणालास तेव्हा. त्यानंतर मी तीनदा उगाचच "मारोती, मारोती" म्हणून घेतलं. सुधा तोंडाला पदर लावून हसत होती. तुला ते कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

तू आधी सुधाला केबिनमध्ये बसवलंस, पंखा लावून दिलास, थंड पाण्याची बाटली दिलीस. मग गाडीकडे वळलास. मी बाहेरच उभा राहिलो. बेड हळूहळू मागे सरकला, मग त्याचं पुढचं टोक वर उचललं गेलं आणि मागचं टोक रस्त्याला टेकलं. तू गाडी वर खेचणाऱ्या विंचचा दोर ओढत आणलास, पालथा झोपून गाडीच्या खाली हुक अडकवलास आणि कपड्यांची धूळ न झटकता लिव्हर दाबलंस. माझी गाडी कुणी हाताला धरून जिन्यावरून न्यावं तशी वर गेली. तू घाई केली नाहीस आणि मध्ये कुठं थांबलाही नाहीस. मी पस्तीस वर्षं नोकरी केली, पण इतक्या शांतपणे काम करणारा माणूस फार क्वचित पाहिला होता.

केबिनमध्ये बसल्यावर तू मला पहिली दुरुस्ती सुचवलीस. "सर, हिले क्रेन म्हणू नोका. क्रेन लटकवून नेते. हे बसवून नेते."

निवृत्तीला तेव्हा आठ महिने झाले होते. सकाळी फिरणं, पेपर, भाजी, आणि मग दिवस संपतच नसे. सुधाचा चष्मा तुझ्या केबिनमध्ये राहिला होता. तो आणायचं निमित्त करून मी लोहाऱ्याला तुझ्या जागेवर आलो. औद्योगिक वसाहतीच्या कडेला पत्र्याचं शेड, एक बाज, एक माठ. चष्मा मिळाल्यावरही मी तासभर बसलो. दोन दिवसांनी पुन्हा आलो, कारण न सांगता. तिसऱ्या खेपेला शेड बंद होतं. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं सांगितलं की मंगळवारी आणि शुक्रवारी तू दवाखान्यात असतोस, रक्त धुवायला.

पुढच्या वेळी मी विचारलं तर तू पाऊसपाण्याविषयी बोलावं तसं सांगितलंस. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातले दोन दिवस मशीनवर जायचे. हेल्पर नागपूरला दुसऱ्या कामाला लागला होता. त्या दोन दिवसांत आलेले फोन दुसऱ्यांकडे जात होते, आणि चार वेळा नाही म्हटलं की पाचव्यांदा फोन येतच नाही.

मी का म्हणालो ते मलाही सांगता येणार नाही. बहुधा काहीतरी बोलायला हवं म्हणूनच म्हणालो, "मला शिकव."

तू हसशील असं वाटलं होतं. तू माझ्या पायांकडे पाहिलंस आणि म्हणालास, "उद्या चपला घालून येऊ नोका. बूट घाला."

सुधानं घरी विचारलं, "अठ्ठावन्नाव्या वर्षी तुम्ही ट्रक शिकणार?" मी म्हणालो, ट्रक नाही, फ्लॅटबेड. लहान गाडी आहे, माझ्या लायसन्सात बसते. ती म्हणाली, "बसेल हो. तुम्ही बसाल का त्यात?"

शेडमागच्या मोकळ्या जागेत तू एक भंगारातली गाडी आणून ठेवलीस. इंजिन नव्हतं, पण चाकं आणि स्टिअरिंग शाबूत होतं. पहिला आठवडा तिच्यासमोर आपली गाडी सरळ रेषेत मागे आणणं, एवढंच. तू जमिनीवर दोन विटा ठेवल्या होत्यास. दोन्ही विटांच्या मधोमध बेडचं टोक यायला हवं. माझं टोक कधी डावीकडच्या विटेवर, कधी उजवीकडच्या. एकदा तर दोन्ही विटा शाबूत राहिल्या, कारण मी त्यांच्यापासून दहा फूट लांब गेलो होतो. तू दर वेळी यायचास, पडलेली वीट पुन्हा जागेवर ठेवायचास आणि म्हणायचास, "अजून एक डाव." आवाज तोच. दहाव्यांदाही तोच.

मारोती, मी वर्गात तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारणाऱ्या पोराला म्हणायचो, "कान घरी ठेवून आलास का रे?" वर्ग हसायचा. मलाही ते वाक्य आवडायचं. तुझ्या त्या मैदानात, घामानं चष्मा घसरत असताना, मला ते पोर आठवायचं. एक असं पोर नव्हतं, कितीतरी होती. मला तेव्हा वाटायचं ती लक्ष देत नाहीत. लक्ष देऊनही एखादी गोष्ट हातात उतरत नाही, हे मला साठीला आल्यावर समजलं.

नंतर लिव्हर. बाजूला पाच दांडे होते: बेड सरकवायचा, बेड उचलायचा, विंचचा, आणि आणखी दोन. मी बेड पुरता मागे सरकवायच्या आधीच उचलला आणि सगळी गाडी कुरकुरली. तू पळत आला नाहीस. चालत आलास, माझा हात न काढता त्यावर आपला हात ठेवलास आणि दांडा उलटा फिरवलास. म्हणालास, "गाडीचा आवाज ऐका. थे सांगते काय चुकून राह्यलं थे."

एकदाच तू मला धरून ओढलंस. दोर ताणलेला होता, भंगारगाडी अर्ध्यावर आली होती, आणि मी नीट दिसावं म्हणून दोराच्या सरळ रेषेत जाऊन उभा राहिलो. तू मागून येऊन दंडाला धरून मला बाजूला केलंस. चांगलंच जोरात. मग विंच थांबवून तू म्हणालास, "सर, दोरासमोर उभे राहू नोका. कधीच नाई. माह्या उस्तादाचा हात गेला अशानं. दोर तुटला ना, तं थो वापस येते." थोड्या वेळानं तू पुन्हा जवळ आलास. "जोरात ओढलं काय हो सर? माफ करजा." मी म्हणालो, "तू माफी कशाला मागतोस?" दंडावर दोन दिवस निळा डाग होता. सुधाला मी दाराला लागलं म्हणून सांगितलं.

रस्त्यावरचं माझं पहिलं काम आर्णी रोडला होतं. बुटकी, महागाची गाडी, आणि मालक तिच्याहून महाग. अशा गाडीचा पुढचा बंपर बेडला घासतो, म्हणून चाकांखाली आधी लाकडी फळ्या द्यायच्या असतात. हे तू मला चारदा सांगितलं होतंस. मी विसरलो. बंपरवर वीतभर ओरखडा आला आणि मालक अंगावर धावून आला. मी काही बोलायच्या आत तू मध्ये येऊन म्हणालास, "माह्याच हातून झालं साहेब. मी फळ्या लावाले विसरलो." बंपर तू रंगवून दिलास. यवतमाळ येईपर्यंत केबिनमध्ये आपण तिघं होतो. मालक उतरून गेल्यावर तू एवढंच विचारलंस, "सर, फळ्या कायले ठेवल्या आपण गाडीत?" मी म्हणालो, पुन्हा होणार नाही. तू म्हणालास, "होईन. पण कमी होईन."

सहा महिन्यांनी मंगळवार-शुक्रवारची गाडी माझ्याकडे आली. इतर दिवशी आपण दोघं. आणि दोघं असलो की आपलं भांडण व्हायचं.

सगळ्यांत मोठं भांडण ताडपत्रीवरून झालं, ते मला अजून सोडवता आलेलं नाही. एका गावच्या तरुणाचा त्याच्या गाडीत जीव गेला होता. पोलिसांचा पंचनामा झाल्यावर गाडी आपल्याला उचलायची होती. तू आधी केबिनमधून ताडपत्री काढलीस आणि अख्खी गाडी झाकलीस, चारी बाजूंनी दोरी बांधून. त्यात पाऊण तास गेला. मग निघालो तर तू सरळ रस्ता सोडून लांबच्या रस्त्याला वळलास. मी म्हणालो, "मारोती, हा रस्ता उलटा पडतो. इकडून बारा किलोमीटर जास्त आहे." तू म्हणालास, "त्याचं गाव सरळ रस्त्यावर हाये."

मी म्हणालो, गाडी झाकली आहे की. कोणाला काय दिसणार?

"गावातल्या लोकायले गाडी झाकली तरी ओळखू येते, सर."

मी तरीही वाद घातला. अपघाताला दोन दिवस होऊन गेले, आपण काही गुन्हा करत नाही. लोकांनी बघितलं तर बघितलं. खरं तर माझ्या मनात डिझेल होतं आणि घरी उशीर होत होता. तू रस्ता बदलला नाहीस. वाटेत एका टपरीवर चहा पाजलास. मी पस्तीस वर्षं पोरांना दोन ठिकाणांमधलं अंतर मोजायला शिकवलं, मारोती. अंतर मोजण्यात मी बरोबर होतो. पण तुझं म्हणणं अंतराबद्दल नव्हतंच, आणि हे तुझ्यापाशी कबूल करायला मला इतके दिवस लागले की तू ऐकायला राहिला नाहीस.

आता राजूरचं. हे मी कितीदा लिहायला घेतलं आणि सोडून दिलं.

शुक्रवार होता. तू मशीनवर होतास. मला राजूरहून बोलावणं आलं. खाणीच्या बाजूला एका अभियंत्याची गाडी बंद पडली होती. इतक्या लांब मी एकटा कधी गेलो नव्हतो. तुला विचारायला मी दवाखान्यात आलो. डाव्या हातात सुया होत्या, उजवा मोकळा होता. तू म्हणालास, कागद द्या. मी खिशातून सुधाची किराण्याची यादी काढली. ती गुडघ्यावर उलटी ठेवून तू चित्र काढायला लागलास.

मला वाटलं रस्त्याची एक रेघ मारशील आणि गावांची नावं लिहिशील. तू आधी जिल्ह्याची हद्द काढलीस. पेन न उचलता. पूर्वेला वर्धा नदी, खाली पैनगंगेचं वळण, पश्चिमेला पुसद-उमरखेडचा निमुळता भाग, सगळं एका रेघेत, आणि सगळं बरोबर. मग त्यात यवतमाळ, जोडमोहा, करंजी, मारेगाव, वणी. वणीजवळ निर्गुडेचा वाकडा प्रवाहसुद्धा. मग राजूरचा फाटा, त्याच्यावर फुली.

मी कॉटच्या दांडीला धरून उभा होतो. तो हात मी आधी पाहिला होता.

नववीचा वर्ग. जिल्ह्याचा नकाशा काढून आणा, असा गृहपाठ. एका पोराचा नकाशा इतका चांगला होता की मी वही खिडकीशी उजेडात धरली आणि म्हणालो, हा छापून काढला आहे. पोरगं म्हणालं, नाही सर, हातानं काढला. मी म्हणालो, खोटं बोलतोस वर. आणि वर्गासमोर ते पान फाडलं. दोनदा. ते पोर जागेवर बसलं नाही, तास संपेपर्यंत दाराशी उभं राहिलं. दिवाळीनंतर ते शाळेत आलं नाही. डिसेंबरात मी हजेरीपटातून त्याचं नाव कमी केलं. लाल शाईनं आडवी रेघ. पण ते पोर कोण होतं, हे मी साफ विसरून गेलो होतो. सत्तावीस वर्षांनी, दवाखान्यात, किराण्याच्या यादीच्या मागच्या बाजूला ते मला दिसलं.

मी म्हणालो, "मारोती, नववीत तो नकाशा…"

तू वर पाहिलं नाहीस. फुलीवर पेन ठेवून म्हणालास, "हा फाटा सुटला ना सर, तं कोळशाच्या गाड्यायमधी अडकसान. मंग वापस फिराले जागा नाई. ध्यान ठेवजा."

मी राजूरला गेलो. फाटा सुटला नाही. काळ्या धुळीत गाडी चढवली, वणीच्या पुलावर थांबून काच पुसली आणि सगळा रस्ता तो कागद समोर ठेवून परत आलो. आठवडाभरानं शेडमध्ये आपण दोघंच असताना मी विषय पुन्हा काढला. मी "चुकलो" म्हणायला तोंड उघडलं होतं. तू विंचच्या दोराला ग्रीस लावत होतास.

"काहून उकरून राह्यले सर? शाळा मी त्याच्यानं नाई सोडली. बाप खाटेवर पडला होता, शेत पाहाले कोणी नोतं."

आणि तू ग्रीसचा डबा बंद करून हात धुवायला गेलास. हे खरं होतं, की मला बरं वाटावं म्हणून तू म्हणालास, ते मला आता कधीच कळणार नाही. तुझ्या भावाला विचारता येईल, पण विचारणार नाही. एवढं मात्र लिहून ठेवतो. नकाशा तुझ्या हातचा होता, मारोती. मी चुकलो, आणि चुकलो ते सगळ्या वर्गासमोर.

गेल्या वर्षी तुझी तब्येत उतरायला लागली. दोनाचे तीन दिवस झाले. पाणी मोजून प्यायचं, आणि तू चहा लपून प्यायचास. तुझ्या बायकोनं, वंदनानं, स्वतःहून तपासण्या करून घेतल्या. ती सहसा बोलत नाही. मला वाटायचं ती भिडस्त आहे. एक दिवस ती शेडमध्ये रिपोर्टांची फाईल घेऊन आली आणि माझ्यासमोरच तुला म्हणाली, "जुळते. डॉक्टर म्हणते माही किडनी चालन."

तू नाही म्हणालास. ती कारण विचारत राहिली आणि तू नाही म्हणत राहिलास. शेवटी म्हणालास, दोघंही अधू झालो तर पोरीकडे कोण पाहील. तेव्हा ती म्हणाली ते मला शब्दशः आठवतं. "माही किडनी माही हाये. कोणाले द्याची थे मी ठरवीन."

मी तिची बाजू घेतली. म्हणालो, एका किडनीवर माणसं आयुष्य काढतात, तू उगाच घाबरतोस. तुला रागावलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. "सर, तुमी याच्यात पडू नोका," तू म्हणालास आणि आत जाऊन बाजेवर भिंतीकडे तोंड करून झोपलास. चार दिवस आपण बोललो नाही. पाचव्या दिवशी तुझा फोन आला, दारव्हा रोडला एक जीप आहे, येता का. मी आलो. जीप चढवली. तो विषय तू काढला नाहीस आणि मीही नाही.

नंतर अनेकदा वाटलं की मी जरा जोर करायला हवा होता. आणि तितक्याच वेळा वाटलं की शिक्षकाची सवय म्हणून मी तोंड घातलं, ते तुमच्या दोघांचं होतं. यातलं कोणतं बरोबर, ते माझं मला ठरत नाही. जायच्या दोन आठवडे आधी तू वंदनाला म्हणाला होतास, कापूस घरात येऊ दे, मग नागपूरच्या डॉक्टरला भेटू. हे तिनं मला तू गेल्यावर सांगितलं. सांगताना तिचा आवाज हलला नाही.

तू गेलास तेव्हा मी दिग्रसहून येत होतो. सकाळचे साडेदहा. बेडवर एक पांढरी गाडी, केबिनमध्ये माझ्या बाजूला एक बाई आणि तिची सासू. सासूबाई मला गुडघ्यांवरच्या तेलाविषयी सांगत होत्या. तुझ्या भावाचा फोन आला. तो म्हणाला, "सर, मारोती गेला. मशीनवरच." मी बरं म्हणालो. सासूबाईंनी विचारलं, "घरचा फोन होता का?" मी हो म्हणालो. त्या पुन्हा तेलाविषयी बोलायला लागल्या आणि मी ऐकत राहिलो.

चाळीसेक किलोमीटर होतं अजून. गाडी मध्येच उतरवता येत नव्हती, आणि त्या दोघींना रस्त्यावर सोडून कुठं जायचं? गॅरेजला आलो. फळ्या लावल्या. बेड सरकवला, टेकवला, दोर थोडा थोडा सोडत गाडी खाली घेतली. कुठं घासली नाही. बाईनं सही केली, सासूबाईंनी तेलाचं नाव पुन्हा एकदा सांगितलं. त्या आत गेल्यावर मी नळावर हात धुतले, आणि हात धुवायला मला फार वेळ लागला. मग दवाखान्यात आलो.

तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी तुझ्या नात्यातले दोघं एका गिऱ्हाईकाला घेऊन शेडवर आले. गाडी विकून टाकावी, बाईमाणसाला तिचं काय करायचं, असा सगळ्यांचा सूर होता. वाईट बोलत नव्हते, काळजीनंच बोलत होते. वंदनानं सगळ्यांना चहा दिला. गिऱ्हाईक गाडीभोवती फिरून आलं. मग ती माझ्याकडे वळली.

"सर, खरं सांगा. तुमी अजून किती वर्सं चालवसान?"

मी खरं सांगितलं. डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे. फार तर दोन वर्षं.

"तं मंग मले शिकवा," ती म्हणाली आणि गिऱ्हाईकाच्या हातातली किल्ली मागून घेतली.

तिला चालवणं शिकवावं लागलं नाही. तू मशीनवरून थकून यायचास तेव्हा तुमची छोटी गाडी तीच चालवत आणायची, आणि शेतावर ट्रॅक्टर तर लग्नाच्या आधीपासून. सरळ मागे यायला मला आठवडा लागला होता, तिनं तिसऱ्या खेपेला आणली. लिव्हर मात्र तिला अवघड जातात. विंच सुरू करताना हात जड पडतो, दोराला झटका बसतो. परवा तिनं मला विचारलं, "ह्यायले किती दिवस लागले होते, शिकाले?" मी म्हणालो, मला माहीत नाही, मी त्याला शिकलेलाच पाहिला.

काल आर्णी रोडला बोलावणं आलं. मी बाजूच्या सीटवर बसलो, ती चालवत होती. गाडी एका व्यापाऱ्याची होती. आम्ही उतरलो तसा तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "काका, तुम्हीच करा ना. बाईला कशाला लावता?"

मी म्हणालो, "गाडी तिची आहे."

दोन-चार दुचाक्या थांबल्या. एकानं मोबाइल वर धरला. वंदनानं कुणाकडे पाहिलं नाही. व्यापाऱ्याला केबिनमध्ये बसायला सांगितलं. त्याला ते पटलं नाही, तो मागून येणाऱ्या आपल्या भावाच्या गाडीत जाऊन बसला. तिनं बेड टेकवला, पदर खोचून खाली वाकली, हुक लावला. विंचचा पहिला झटका बसला, दोर थरथरला, मग चालायला लागला. गाडी वर गेली. चारी चाकांचे पट्टे तिनं स्वतः आवळले. मोबाइलवाला निघून गेला.

आम्ही निघालो. दोनेक किलोमीटर गेल्यावर तिनं गाडी कडेला, एका बाभळीखाली घेतली. हँडब्रेक लावला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मान खाली घातली. तू गेल्यापासून ती रडली नव्हती, मारोती. दवाखान्यात नाही, घाटावर नाही. तुझ्या भावाची बायको तर नावं ठेवत होती.

मी म्हणालो, "पट्टे पाहून येतो."

खाली उतरलो. पट्टे नीट होते, मला उतरायच्या आधीच माहीत होतं. मी पहिला पट्टा तपासला, मग दुसरा. मग बेडच्या मागच्या बाजूला जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. शेतात तूर फुलावर आली होती. दोन बायका बांधावर जेवायला बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हात केला. मग तिसरा पट्टा, मग चौथा. मग पुन्हा पहिल्यापासून.

वर आलो तेव्हा तिनं तोंड धुतलं होतं. बाटलीतलं पाणी संपलं होतं. तिनं आरशात मागे पाहिलं, रस्ता मोकळा होता.

"बसले काय सर?" तिनं विचारलं.

मी बसलो होतो. तिनं गाडी रस्त्यावर घेतली.